बोरमळ्याचं टपाल

नाशिकरोडहून सिन्नरच्या दिशेने निघालं की हल्ली पौषात रस्त्याच्या दोन्ही अंगांना फलक उगवतात. 'अस्सल गावरान हुरडा.' 'हुरडा, मिसळ आणि बैलगाडीची सफर.' एका फलकावर तर 'पोटभर हुरडा, सोबत डीजे' असं लिहिलंय आणि शेजारी फेटा बांधलेल्या, गोऱ्यापान, मिशाळ शेतकऱ्याचं चित्र आहे. त्याने आयुष्यात कधी ज्वारी सोंगली असेल असं त्याच्या चेहऱ्याकडे बघून तरी वाटत नाही. मी नाक मुरडते, आणि तरीही गाडीची काच खाली करते. कारण त्या फलकांच्या मागून, कुठल्यातरी बांधावरून, गोवऱ्यांच्या धुराचा आणि आरात खुपसलेल्या कणसांचा वास येतोच. थंडीने तो खाली बसलेला असतो, रस्त्यावर रेंगाळत असतो. तो वास आला की मला पहिल्यांदा आठवतो तो माझा सर्व्हर.

हुरड्याच्या वासाने कुणाला माहेर आठवावं, शेत आठवावं, हे समजण्यासारखं आहे. पण सर्व्हर? नवरा म्हणतो, तुझं डोकं तपासून घे. त्याचं चुकत नाही. पण आमच्या घरात या दोन गोष्टी इतक्या एकमेकींत गुंतल्या की आता सुट्या करता येत नाहीत. गेल्या फाल्गुनात मी तो सर्व्हर बंद केला. ज्वारी काढून झाली होती, कडब्याच्या पेंढ्या बांधावर उभ्या होत्या, आणि मी घरी बसून एक बटण दाबलं. यंदा पुन्हा हुरड्याचे दिवस आले आहेत आणि माझ्या हाताला काही काम नाही.

सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नव्हे. सदोदित चालू राहणारा एक संगणक, जो आपलं ई-टपाल घेतो, सांभाळून ठेवतो आणि आपण लिहिलेलं पुढे पाठवतो. मोठ्या कंपन्यांची अशी टपाल कचेरी डोंगराएवढी असते आणि तिच्यात सगळ्या जगाला फुकट पेटी मिळते. मग आपली वेगळी चूल कशाला मांडायची? हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की उत्तर देताना मला स्वतःचाच कंटाळा येतो. मी एका कॉलेजच्या संगणक विभागात नोकरी करते. तिथे भंगारात निघालेला एक संगणक मी घरी आणला, माळ्यावर ठेवला, आणि हौसेने त्याच्यावर टपाल चालवायला शिकले. पत्ता घेतला तो आमच्या शेताच्या नावाने. सिन्नरच्या रस्त्यावर पळशाच्या शिवारात आमचं दीड एकर रान आहे, बांधावर बोरीची झाडं, म्हणून त्याला बोरमळा म्हणतात. त्या संगणकाचा पंखा दिवसभर घूं घूं करायचा. नवरा म्हणायचा, माळ्यावर माझी सवत आणून बसवलीय. मी म्हणायचे, सवत बायकोला असते, तुला नाही. माळ्याकडे बघताना मात्र त्याच्या कपाळाला आठी असायची.

खरं कारण हौसेचं नव्हतं. माझे वडील, नाना, मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. आयुष्यभर लोखंडावर घण पडताना ऐकत राहिले आणि निवृत्त व्हायच्या आधीच कानांनी गेले. कानात यंत्र घातलं तरी त्यांना फोनवर नुसती घरघर ऐकू यायची. "हॅलो, हॅलो, कोण हाय?" एवढंच ओरडायचे आणि चिडून रिसिव्हर माझ्या हातात द्यायचे. लहान पडद्याचा मोबाइल त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही झेपला नाही. पण संगणकावर अक्षरं मोठी करून दिली की दोन बोटांनी टकटक करत ते अगदी रमून जायचे. निवृत्तीनंतर ते नाशिकला आमच्याकडेच राहायला आले होते, आणि आम्ही एका घरात राहून एकमेकांशी पडद्यावर बोलायचो. मी लिहायचे, "नाना, भाजीत मीठ जास्त झालंय का?" ते वाचायचे आणि मोठ्याने सगळ्या गल्लीला सांगायचे, "लय झालंय!"

त्यांची पेटी मी सर्व्हरवर उघडून दिली तेव्हा पत्त्यात स्वतःचं नाव आणि पुढे बोरमळा बघून ते कितीतरी वेळ पडद्यासमोर बसून होते. म्हणाले, "हे आपलं सोताचं टपाल?" मी मान हलवली. त्या एका प्रश्नासाठी मी तो सर्व्हर पुढे इतकी वर्षं ओढला.

आता हुरडा. नानांच्या घरात एक रीत होती, आणि ती त्यांनी मनमाडच्या क्वार्टरमध्ये राहूनही मोडली नाही. ज्वारीला दूध भरलं, कणीस हिरवं असतानाच दाणा दाबला की पांढरा थेंब आला, की धन्याने स्वतः आवतण द्यायचं. निरोप्याकरवी नाही, बायकोकडून नाही. स्वतः. आणि आवतण मिळाल्याशिवाय कितीही जवळचा माणूस असो, त्याने दुसऱ्याच्या रानातलं कणीस मोडायचं नाही. आवतण एकदाच. आला तर आला. पुन्हा पुन्हा बोलवायला लागणं म्हणजे धन्याचा कमीपणा, आणि न बोलावता येणं म्हणजे पाहुण्याचा. आपलं आवतण कसं आलं नाही, हे विचारणं तर त्याहून वाईट. मला लहानपणी ही सगळी नाटकं वाटायची. आता वाटतं की गरीब माणसांना एकमेकांचा मान ठेवायला याहून स्वस्त काही मिळत नव्हतं.

नाना वर्कशॉपातल्या मित्रांना रविवारच्या हुरड्याचं आवतण आधी घरोघर जाऊन द्यायचे. निवृत्त झाल्यावर मित्र पांगले, तेव्हा पोस्टकार्डं लिहायला लागले. पुढे कार्डं वेळेवर पोचेनात, तेव्हा माझ्या सर्व्हरवर आले. मित्र एकेक करून गळत गेले आणि शेवटी उरले ते दगूकाका.

दगूकाका सटाण्याकडचे. नानांसोबत एकाच भट्टीवर वीसेक वर्षं उभे राहिलेले. बोलणं सगळं अहिराणी, आणि आवाज असा की बहिऱ्या नानांनाही ऐकू यायचा. मला लहानपणी वाटायचं की देवाने ही जोडी मुद्दाम जमवली असणार. निवृत्तीनंतर ते सटाण्याला मुलाकडे राहायला गेले. नातीने त्यांना मोबाइलवर एका मोठ्या कंपनीची फुकटची पेटी काढून दिली होती. दोघांचा पत्रव्यवहार म्हणाल तर वर्षातून दोनदा. दिवाळीला दगूकाकांच्या शुभेच्छा यायच्या, त्यावर नानांचं उत्तर जायचं. आणि पौषात आवतण जायचं. त्याचा मजकूर कधी बदलला नाही.

"दगूस, नानाचा रामराम. बोरमळ्यात ज्वारीला दूध भरले आहे. रविवारी आगटी पेटेल. हात घेऊन यावे."

दगूकाका कधी उत्तर द्यायचे, कधी नाही. पण रविवारी सकाळी खांद्यावर पिशवी, पिशवीत गुळाची ढेप, असे बांधावर हजर असायचे.

'हात घेऊन यावे' ही नानांची थट्टा होती आणि थट्टा नव्हतीही. हुरड्याचं कणीस आरातून काढलं की ते इतकं चटकतं की आम्ही गोणपाटाचा तुकडा घेऊन, हाय-हुय करत चोळायचो. दगूकाका उघड्या तळव्यांवर चोळायचे. घणाने आणि भट्टीने त्यांच्या तळव्यांची कातडी जाड झाली होती. कणीस तळव्यात धरायचे, दोनदा फिरवायचे, फुंकर मारायचे, फोलपटं उडून जायची आणि तळव्यावर हिरवे, वाफाळते दाणे तेवढे उरायचे. मी एकदा विचारलं, "काका, पोळत नाही का हो?" तर म्हणाले, "मना हात लोखंडना शेतस, बेटा." आणि पहिली मूठ नेहमी नानांच्या हातावर. स्वतः खायचे सगळ्यांत शेवटी. तिळाची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, बांधावरची बोरं. दोघं बोलायचे फारसं काही नाही. दगूकाका चोळायचे, नाना खायचे, आणि मध्येच एखाद्या जुन्या फोरमनची नक्कल व्हायची. ऊन चढलं की दोघंही बोरीखाली घोंगडीवर आडवे. मी कितीतरी ठिकाणी जेवले, लग्नांतली पंचपक्वान्नं खाल्ली, पण दगूकाकांच्या तळव्यावरच्या त्या दाण्यांची चव पुन्हा कुठे भेटली नाही.

सर्व्हर चालवणं सुरुवातीला सोपं होतं. पाठवलं की पोचायचं. मग जगात नको त्या टपालाचा सुळसुळाट झाला. लॉटरी लागल्याची, कर्ज देतो म्हणणारी, औषधं विकणारी पत्रं लाखांनी फिरायला लागली आणि मोठ्या कंपन्यांनी दारावर पहारे बसवले. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. चोर वाढले की कुलूप लागतंच. पण पहारेकरी आले की सगळ्यांत आधी साध्या माणसाला अडवतात.

आधी ठरलं की घरच्या जोडणीवरून आलेलं टपाल घ्यायचंच नाही. मग मी माळ्यावरची सवत उतरवली आणि कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रघरात भाड्याने जागा घेतली. नवरा खूश झाला. मग ठरलं की प्रत्येक पत्रावर सही हवी. शाईची नव्हे, आकड्यांची, यंत्राला वाचता येईल अशी. केली. मग आमच्या नावाने टपाल कोणकोण पाठवू शकतं ते जाहीर करायला सांगितलं. केलं. काही दारांवर पहिल्या खेपेला सरळ 'नंतर या' म्हणायचे, सरकारी कचेरीत म्हणतात तसं, आणि माझं बिचारं यंत्र बाहेर थांबून पुन्हा दार वाजवायचं. मग एकदा आमच्या यंत्रघरात भाड्याने राहणाऱ्या दुसऱ्या कुणीतरी भलतंसलतं टपाल पाठवलं आणि सगळी आळीच काळ्या यादीत गेली. मी अर्ज केला, विनंत्या केल्या. 'आपल्या पत्त्याची तपासणी केली असता तो सवलतीस पात्र आढळला नाही' असं उत्तर आलं. कुणी तपासलं? का पात्र नाही? विचारायला पलीकडे माणूसच नव्हता. कॉलेजात कारकुनाशी भांडता तरी येतं, त्याला चहा पाजता येतो. इथे भांडायलाही कुणी नाही, या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

आमच्या टपालावर असलेली बाकीची माणसं हळूहळू उठून गेली. पुण्याच्या नणंदेने तोंड भरून कौतुक केलं आणि मुलाचा पत्ता मोठ्या कंपनीत बदलून घेतला. नवऱ्यानेही बदलला, मला न सांगता. मी रुसले, पण मनातून मलाही पटत होतं. हट्टाने राहिलो ते आम्ही दोघं, नाना आणि मी. नानांना मी विचारलं होतं, पडद्यावर लिहून, की मोठ्या कंपनीत तुमची पेटी काढू का? त्यांनी विचारलं, "मग बोरमळा ऱ्हाईल का पत्त्यात?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मंग कशाला?" आणि विषय तिथेच संपला. त्या वेळी मला ते ऐकून इतका आनंद झाला होता की आज तो आठवायलाही नको वाटतो.

तोवर पहाऱ्याची एक नवी तऱ्हा आली होती. पत्र दारावर नाकारायचंच नाही. 'घेतलं' म्हणून सांगायचं, पोच द्यायची, आणि आत नेऊन कचऱ्याच्या खणात टाकून द्यायचं. पाठवणाऱ्याला वाटतं पोचलं. ज्याला पाठवलं त्याला काही आल्याचा पत्ताच नाही. महिनाभराने तो खण आपोआप रिकामा होतो. हे असं कुणाच्या बाबतीत घडतं? जे भरपूर पाठवतात त्यांची ओळख यंत्राला असते. जो वर्षातून दोनदा, दोन ओळी लिहितो, त्याला यंत्र ओळखत नाही. मितभाषी माणूस त्याला संशयित वाटतो. आणि त्या दोन ओळींत आग पेटणार आहे, हात घेऊन या, असलं काहीतरी.

त्या वर्षीचं आवतण नानांनी नेहमीसारखंच टंकलं. मी पाठवलं. ते खुर्चीत मागे वळून म्हणाले, "पोचलं का?" मी यंत्राची नोंद पाहिली. समोरच्याने स्वच्छ 'घेतलं' म्हणून कळवलं होतं. मी मान हलवली.

रविवारी आगटी पेटली. गोवऱ्यांचा आर लालभडक झाला, कणसं खुपसली, चटण्या मांडल्या. नाना मळ्याच्या तोंडाशी, रस्त्याकडे बघत उभे. नाशिककडून येणाऱ्या प्रत्येक एसटीला त्यांची मान वळायची. ऊन चढलं तेव्हा मी जाऊन त्यांच्या दंडाला धरलं. ते आगटीपाशी येऊन बसले आणि मी गोणपाटात चोळलेली मूठ त्यांनी खाल्ली. "फोलपट ऱ्हायलंय," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मी पडद्यावर लिहिलं, 'काकांना फोन करते, तब्येत बरी आहे ना विचारते.' नाना एकदम ताठ झाले. "आवतण पोचलं ना? मंग? त्याला यायचं नसंल. फोन करून काय वढून आणायचा का त्याला? नाय करायचा." त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुसरंच काहीतरी जास्त होतं. मी फोन केला नाही. पुढच्या साली त्यांनी बोरमळ्यात ज्वारी पेरलीच नाही, कांदा लावला. त्या पौषात सगळ्या शिवारातून हुरड्याचे धूर निघत होते आणि आमच्या रानात कांद्याच्या पातीवर पाणी चाललं होतं.

उन्हाळ्यात मनमाडला एका जुन्या सहकाऱ्याच्या नातीचं लग्न निघालं. नानांना गुडघ्यांमुळे प्रवास झेपेना, म्हणून मी गेले. मांडवात कूलरसमोरच्या खुर्चीत दगूकाका बसलेले. वाळले होते. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, नानांच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग दुसरीकडे बघत राहिले. असा मिनिटभर अवघडलेपणा आमच्यात आधी कधी नव्हता. शेवटी मीच रीत मोडली.

"काका, हुरड्याला आला नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आवतन उनं नही बेटा. बिगर आवतनना हुरडा खावाले मी काय भिकारी शे का?"

"पाठवलं होतं काका! नानांनी स्वतः लिहिलं, मी पाठवलं."

"नही उनं." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "नाना रागवना शे का? शेवटला हुरडाले मी म्हनेल व्हतो, दाना बारीक शे म्हनीसन. त्यानं वाईट वाटनं व्हई."

म्हणजे एवढा काळ हा माणूस सटाण्याला बसून आपलं काय चुकलं ते शोधत होता. शेवटच्या हुरड्याला ते खरंच असं म्हणाले होते, यंदा दाणा बारीक शे. नाना त्यावर हसले होते, कारण दाणा खरंच बारीक होता. दिवाळीच्या शुभेच्छांना उत्तर आलं नाही, पौषात आवतण आलं नाही, तेव्हा काकांनी त्या एका वाक्यावर सगळं बसवलं होतं. आणि विचारायचं नाही ही रीत.

त्यांची नात शेजारीच होती. तिने काकांचा मोबाइल काढून कचऱ्याचा खण उघडला. लॉटरी, कर्ज, वजन कमी करायची औषधं. नानांचं काही नव्हतं, कधीच पुसलं गेलं होतं. मी तिथल्या तिथे माझ्या मोबाइलवरून, बोरमळ्याच्या पत्त्यावरून, नानांच्या नावाने 'रामराम' एवढंच पाठवलं. आम्ही तिघं त्या पडद्याकडे बघत राहिलो. आलं. लॉटरीच्या वर, कचऱ्यात, आणि त्यावर लाल पट्टी: 'सावध राहा. हा संदेश धोकादायक असू शकतो.'

काकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "नानानं नाव? ह्या लाल रंगमा?"

मांडवात बँड वाजत होता, अक्षता वाटणं चाललं होतं, आणि मला तिथे बसून रडू आलं. काकांनीच मला पाणी दिलं. नातीने कुठलंसं बटण दाबून यंत्राला सांगितलं की हा माणूस आमचा आहे, याचं टपाल कचऱ्यात टाकायचं नाही. इतकं सोपं होतं ते. मी म्हटलं, काका, आत्ताच चला माझ्याबरोबर नाशिकला. ते हसले. "आत्ते नही. नानाले सांग, औंदा ज्वारी पेर. आवतन धाड. मी येस."

घरी येऊन मी सगळं पडद्यावर लिहिलं. नानांनी दोनदा वाचलं. मग उठून खिडकीपाशी गेले आणि तिथूनच मोठ्याने म्हणाले, "दाणा बारीक म्हणला म्हणून मी रागवीन? येडा का खुळा?" पाठ माझ्याकडे होती, म्हणून चेहरा दिसला नाही.

त्यानंतरचे महिने फार छान गेले. दोघं म्हातारे असं लिहायला लागले की मला हेवा वाटायचा. नवरात्रात नानांनी मुद्दाम गूळभेंडीचं, खास हुरड्याच्या जातीचं, बी आणून ज्वारी पेरली आणि दर थोड्या दिवसांनी बातमी द्यायला लागले. उगवली. दोन पानांवर आहे. खुरपणी झाली. दगूकाकांची उत्तरं दोन-चार शब्दांची. 'ऱ्हाऊ दे.' 'पाणी दे.' 'गूळ घी ठेयेल शे', म्हणजे गूळ आणून ठेवलाय. मला तेव्हा वाटायचं, माझ्या सर्व्हरने जन्मात काही केलं असेल तर ते हे.

दिवाळी होऊन गेली आणि ज्वारी गुडघ्याला लागली असताना सटाण्याहून नातीचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. नानांना मी कसं सांगितलं ते इथे लिहीत नाही. आम्ही सटाण्याला जाऊन आलो. येताना नातीने एक पिशवी नानांच्या हातात दिली. तीत गुळाची ढेप होती.

ज्वारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती त्या वर्षी अशी आली की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. पोटरीत आली, निसवली, कणसं वितीएवढी. पौषात एका सकाळी नाना मळ्यातून आले. अंगठ्याच्या नखावर दुधाचा थेंब वाळलेला होता. तसेच संगणकापाशी बसले आणि टकटक करायला लागले. मी मागून वाचलं.

"दगूस, नानाचा रामराम. बोरमळ्यात ज्वारीला दूध भरले आहे. दाणा टपोरा आहे. रविवारी आगटी पेटेल. हात घेऊन यावे."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खाली ओळ टंकली, 'नाना, काका आता नाहीत.'

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "बहिरा झालोय, येडा नाय झालो. पण त्याच्या नावानं पेरली ना? त्याला आवतण दिल्याबिगर कणीस मोडायचं कसं? पाठव."

मी पाठवलं. आणि या वेळी उत्तर लगेच आलं, श्वास घेईपर्यंत. त्या मोठ्या कंपनीने कळवलं होतं की या नावाचा कोणीही इथे नाही. नातीने पेटी बंद केली असणार. ते जिवंत होते, वाट बघत होते, तेव्हा याच दाराने 'घेतलं' म्हणून सांगितलं होतं. आता ते गेल्यावर दार खरं बोललं.

नाना खुर्चीत वळले. "पोचलं का?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी पडद्यावरच्या त्या ओळी वाचल्या.

"आसं सांगावं माणसानं," ते म्हणाले. "नाय पोचलं तर नाय पोचलं. मागं बी आसंच सांगितलं आसतं, तर मी सकाळच्या एसटीनं सटाण्याला गेलो आसतो."

रविवारी आगटी पेटवली. मी गोणपाटाचा तुकडा पुढे केला तो नानांनी बाजूला सारला. आरातलं पहिलं कणीस उघड्या हातात घेऊन ते चोळायला लागले. हात पोळत होते, ते मला दिसत होतं. दाणे निघाले तशी त्यांनी फुंकर मारली आणि तळवा समोर, घोंगडीच्या रिकाम्या बाजूला धरला.